हौसाक्काचा दुसरा अंगठा

गड्या, ह्ये माज्या बायकोलाबी ठाऊक न्हाई. तुला का सांगतोय? तू काय लय मोठा लागून गेलास असं न्हाई — कुणाला तरी सांगायचंच व्हतं, अन् तू पुढ्यात बसलास.

उंब्रजात हायवेच्या कडंला माजं मोबाईलचं दुकान हाय, पेन्शनच्या दाखल्याची ऑनलाइन कामंबी हितंच व्हत्यात. समदी मला सर म्हणत्यात. सर! शाळांत, पतसंस्थांत मी भाषणं देतो — ओटीपी कुणाला सांगू नका, आधारची झेरॉक्स कुठंबी टाकू नका. बायका माना डोलावत्यात. त्या मानांची मला किळस येती. अन् माइक धरून हुबा ऱ्हायलेल्या सराची त्याहून जास्त.

चोर कसा असतोय, काय वाटतं तुला? लांब परराज्यात बसलेला, हिंदीत बोलणारा? भाषणात मीबी तसंच सांगतो, लोकांना बरं वाटतं. अरं, चोर गावातलाच असतोय. 'बसा' म्हणतोय, पाणी देतोय.

सिमकार्ड द्यायचं म्हंजे आधार नंबर टाकायचा अन् मशीनवर अंगठा घ्यायचा. आता आमच्याकडची माणसं — उसाच्या पाचटानं, खुरप्यानं बोटं पार झिजलेली. एका दमात कुणाचा अंगठा उमटतच न्हाई. दोनदा लावायचा, तीनदा लावायचा, केसांना पुसून लावायचा. समद्यांच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून एखाद्याचा पयल्या झटक्याला उमटला तरी — मी म्हणायचो, "न्हाई आला, परत लावा." लावायची बिचारी. त्या दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघायचं. नाव त्यांचं, ड्रॉवर माजा. वरनं टार्गेट असतंय, असं मी स्वतःला सांगायचो. थू! एक मोटरसायकलवाला यायचा अन् चालू केलेली सिमं घिऊन जायचा. त्यो ती काय पूजंला लावत व्हता? मला ठाऊक व्हतं रं. पक्कं ठाऊक व्हतं.

हौसाक्का आमच्याच आळीतली. नवरा फौजेत हवालदार, रिटायर हून वारला. त्येच्या पेन्शनीवर म्हातारी एकटी ऱ्हायची. सिम घ्यायला आली, अंगठा पयल्यांदाच उमटला. मी म्हटलं, "आक्का, परत." तर काय म्हणली सांगू? "माजाच अंगठा मेला बाळा, तुला उगं तरास." पदराला पुसला अन् परत लावला. आपल्याच बोटाला शिव्या दिल्या तिनं! अन् मी म्हटलं, "असू द्या आक्का." मोठ्या मनानं!

पुढं एक दिवस परराज्यातलं पोलीस आलं. तिच्या नावाच्या सिमवरनं कुणीतरी बँकेचा साहेब बनून लोकांना लुबाडलं व्हतं. आक्काला चौकीत दिवसभर बसवलं. सिम कुठल्या दुकानातनं निघालं, ह्ये कुणी विचारलंबी न्हाई. म्हातारीकडं बघून पोलिसांनी सोडली, पर गावानं न्हाई सोडली. गाव! दुसऱ्याच्या दारात पोलीस दिसला की ज्येचं पोट भरतंय ते गाव. म्हणत्यात कसं — पैशापायी हवालदारणीनं नाव विकलं.

चौकीतनं सुटली ती सरळ माज्या दुकानात आली. "बाळा, ह्ये कसं झालं रं?" एक खरं वाक्य — एकच बोलायचं व्हतं मला. मी म्हटलं, "आवं आक्का, तुमीच कुठंतरी दिला असंल अंगठा."

तिला ते खरं वाटलं. सव्वीस जानेवारीला शाळंत फौजींच्या घरच्यांना नारळ देत्यात, तिला बोलावणं आलं न्हाई. नारळ कुणाला दिला त्या वर्षी? मला. जनजागृतीबद्दल. घेतला की मी, वाकून घेतला!

तवापासनं आक्कानं अंगठाच बंद केला. रेशनला न्हाई. पेन्शनवाल्यांना वर्षाला हयातीचा दाखला द्यावा लागतो, जितं हाय म्हणून अंगठा लावावा लागतो — त्योबी न्हाई. पेन्शन थांबली. सरकारच्या लेखी म्हातारी मेली, अन् ती रोज माज्या दुकानावरनं दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. "बरं हाय का बाळा?" मी म्हणायचो, "बरं हाय आक्का."

शेवटी तिच्या भाच्यानं लय समजावलं. तवा म्हणली, लावीन, पर एकाच्याच मशीनवर. माज्या. का? तर साऱ्या गावात मी एकटाच तिला कवा वाकडं बोललो न्हाई. तिचा अंगठा धरताना मला लाज वाटली का? न्हाई. खोटं कशाला सांगू. दाखला झाला, पेन्शन सुरू झाली.

पेन्शन हातात पडली त्या दिवशी आक्का पुरणपोळ्यांचा डबा घिऊन आली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. समद्यांच्या देखत तिनं माज्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हणली, "ह्यो व्हता म्हणून मी परत जिती झाले." समदी माज्याकडं बघत व्हती. तवा तरी —

आक्कानं डबा उघडून माज्या म्होरं धरला. पोळी अजून ऊन व्हती. खाल्ली. मग दुसरी मागून घेतली.