अक्काच्या वाट्याचा पिक्चर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ह्यानं गोड बोलून आपल्याला त्याच्या बाजूला ओढलं. मी माझ्या सख्ख्या बहिणीला सोडून एक पिक्चर बघितला, आणि त्या पिक्चरपायी तिची पंचमी घालवली. चूक माझी, सगळी माझी. आता ऐका.

आमच्या घरी, नांदूरघाटला, केबल आली तेव्हा मी तिसरीत होतो आणि अक्का आठवीत. रविवारी संध्याकाळी पाचला हिंदीत डब केलेली एक मालिका लागायची. अंतराळातून टपाल पोचवणारं एक जुनाट जहाज. ह्या ग्रहावरची पत्रं त्या ग्रहावर न्यायची, आणि अंतर एवढं की पत्र पोचेस्तोवर घेणारा म्हातारा झालेला. जहाजावर एक कॅप्टन, दोन चालक, निळ्या कातडीचा एक आचारी आणि इंजिन सांभाळणारी एक मेकॅनिक बाई. ही बाई इंजिनाला घाणघाण शिव्या घालायची आणि लगेच त्याच्या अंगावरून हात फिरवायची. अक्का तिच्यावर फिदा होती. बाबांची लुना चालू होईना की अक्का पुढं व्हायची, कमरेवर हात ठेवायची आणि त्या बाईच्या आवाजात दम द्यायची, "चलती है, या खोल डालूँ?" लुना चालू व्हायची, खरंच.

त्या काळात लाईट नेमकी भाग रंगात आला की जायची. मी भोकाड पसरायचो. मग अक्का अंधारात पुढची गोष्ट स्वतःच सांगायची, कोण कुठं अडकलं, कोणी कोणाला वाचवलं. पुढच्या रविवारी मागचं थोडं दाखवायचे तेव्हा बघावं, तर निम्मं तरी तिनं सांगितलं तसंच घडलेलं. मला वाटायचं, हिच्या ओळखीचं कोणीतरी त्या जहाजावर कामाला आहे.

मालिकेच्या शेवटच्या भागात इंजिन फुटायला आलं आणि मेकॅनिक बाईनं आतून दार लावून घेतलं. जहाज वाचलं. पण ते दार नंतर उघडलेलं काही दाखवलंच नाही, आणि मालिका संपली! मी म्हणालो, मेली. अक्का म्हणाली, "मेली असती तर दाखवली असती की. जिवंत हाय ती." ह्यावर आमचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. अंबाजोगाईकडच्या घाटनांदूरच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी तिचं लग्न झालं, वाटे लावताना सगळं घर रडत होतं, आणि ही माझ्या गळ्यात पडून कानात काय म्हणाली असेल? "जिवंत हाय बरं का ती." रडता रडता हसू फुटलं मला.

पुढं हातात मोबाईल आले. उसाला फुटवे फुटावेत तशा त्या एका मालिकेतून आणखी दोन मालिका फुटल्या. एक त्या निळ्या आचाऱ्याच्या गावाची, एक कॅप्टनच्या तरुणपणाची. दर गुरुवारी नवा भाग यायचा. अक्का सकाळी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी करता करता बघायची आणि लगेच मला फोन लावायची. भाकरी थापल्याचा आवाज मागं, आणि पुढं हिची वकिली. "आचारी चुकलाय. त्यानं पत्र फोडायचंच न्हवतं." मी केजला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं राहून वैतागायचं, पण अक्काचा फोन मी कधी कापला नाही.

तिच्या सासरी एक रीत पक्की. सून माहेरी धाडायची ती मुराळ्यासोबतच. भाऊ न्यायला आला पाहिजे, चहापाणी झालं पाहिजे, मगच तिनं उंबरा ओलांडायचा. दिवाळीत सासरच्या दुकानाला उसंत नसायची, म्हणून अक्काला माहेर वर्षातून एकदाच, पंचमीला, चार दिवस. त्या चार दिवसांसाठी ती वर्षभर राबायची म्हटलं तरी चालेल. दर वर्षी मी मुराळी होऊन जायचो. तिच्या सासूबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

गेल्या वर्षी जाहीर झालं की त्या मेकॅनिक बाईवर पिक्चर येतोय. सिरीयल नाही, थेट पिक्चर, थिएटरात. आपल्या भागात फक्त लातूरला, हिंदीत, दुपारचा एकच खेळ. शुक्रवारी लागणार, आणि असले पिक्चर आपल्याकडं आठवडाभर टिकले तरी खूप. पंचमी मंगळवारी होती. आम्ही फोनवर बेत केला. रविवारी मी घाटनांदूरला जायचं, अक्काला घ्यायचं, परस्पर लातूर गाठायचं, पिक्चर बघायचा आणि संध्याकाळपर्यंत घरी.

अक्कानं आत्याबाईंना विचारलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या घरात स्वतःसाठी म्हणून तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. आत्याबाई म्हणाल्या, "भाऊ न्हेतोय तर जा की. आमी कावून नगं म्हनू?" हे मला सांगताना अक्काचा आवाज आठवीतल्या पोरीसारखा झाला होता. "तू काय वाचू नको, काय ऐकू नको," तिनं मला बजावलं. "ती पडद्यावर दिसली की मी तुझ्या पाठीत बुक्की घालनार हाय. तयारीनं ये."

शुक्रवारी मी डिस्प्ले आणायला लातूरला गेलतो. शेजारचा गॅरेजवाला मित्र सोबत होता, त्याला गाडीचं सामान घ्यायचं होतं. साडेअकरापर्यंत दोघांचंही काम उरकलं. समोरच थिएटर आणि त्यावर त्या बाईचं हे एवढं पोस्टर. मी बघत उभा राहिलो.

"बघायचा का बे?" मित्र म्हणाला.

"न्हाई, रविवारी अक्कासोबत बघायचाय."

"मग परत बघ की. दोनदा बघितल्यानं काय डोळे जातेत का?"

त्यानं मला ओढून नेलं असं लिहायचा लई मोह होतोय. पण त्यानं मला बोटसुद्धा लावलं नाही. मीच पुढं गेलो. मनाला समजावलं की रविवारी परत बघू, पहिल्यांदा बघितल्यासारखं करू, अक्काला काय कळतंय. हावरटपणा झाला, दुसरं काही नाही.

अर्ध्या तासानं पडद्यावर ते दार उघडलं. जिवंत होती! केस पिकलेले, एक हात भाजलेला, आणि बाहेर येऊन पहिलं काय केलं तर इंजिनाला एक सणसणीत शिवी हासडली. मी खुर्चीतून उठलो, ओरडलो. शेजारी वळलो तर मित्र मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता.

"कोन हाय ही?" त्यानं विचारलं.

माझ्या पाठीत बुक्की बसायला पाहिजे होती, ती बसली नाही. मी काय करून बसलो ते मला त्या क्षणी कळलं. पण म्हणून उठून बाहेर आलो का? छे. शेवटपर्यंत बघितला.

शनिवारी दुकानात मोबाईलचा कॅमेरा स्वतःकडं करून मी तोंडाची तालीम केली. आश्चर्य वाटल्यासारखं तोंड. भुवया वर, आ वासलेला. बघूनच लाज वाटली. अक्काला माझं तोंड लहानपणापासून पाठ. मी गणितात किती मार्कांनी उडालोय ते ती मी दप्तर उतरवायच्या आत सांगायची. तिच्यापुढं हे सोंग एसटीतच उघडं पडलं असतं.

रविवारी आईनं पिशवी भरून दिली. लाह्या, फुटाणे, गुळाचे लाडू. मी अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरलो. तिथून घाटनांदूरची गाडी धरायची. गाडी लागली, मी बाकड्यावरून उठलो नाही. ती गेली. तासाभरानं दुसरी लागली, तीही गेली. तिथं जाऊन एवढंच म्हणायचं होतं की अक्का, मला राहवलं नाही. चार शब्द तोंडातून निघणार नव्हते म्हणून मी फोन काढला आणि खोटं बोललो.

"अक्का, मला ताप आलाय. न्हाई जमत."

माझ्या मागं कंट्रोलरचा माईक परळी गाडी, परळी गाडी म्हणून बोंबलत होता.

"लई हाय का ताप?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बरं. औषध घे," म्हणाली आणि फोन ठेवला.

भरलेली पिशवी घरी कशी न्यायची? ती मी स्टँडवरच्या एका म्हातारीला दिली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून तोंडभर आशीर्वाद दिला, आणि मी निर्लज्जासारखा वाकून घेतला.

घरी आई दारातच उभी होती. "पोरगी कुठंय?"

"न्हाई धाडली त्यांनी," मी म्हणालो. ठरवून नव्हे, तोंडातून सुटून गेलं. पण सुटलेलं परतही घेतलं नाही. पंचमीला अक्काच्या मैत्रिणी झोक्याला बोलवायला आल्या, तेव्हा आईनं तिच्या सासूचा उद्धार केला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. ज्या बाईनं सुनेला आठ वर्षांत पहिल्यांदा मागितलेली गोष्ट हसत दिली होती, तिला माझ्या घरात शिव्या बसत होत्या आणि मी आत बसून पुरणाची दिंडं खात होतो. थू माझ्या जिंदगानीवर.

अक्काचा गुरुवारचा फोन येईनासा झाला. मी लावला तर उचलायची, बरं-वाईट विचारायची, ठेवायची. इकडं आई आत्याबाईंना फोन करीना, अभिमानाची बाई. असे चार महिने गेले. मग धर्मापुरीला नात्यातलं लग्न निघालं आणि आई व आत्याबाई एकाच पंगतीत समोरासमोर आल्या.

आईनं डाव साधला. "लेक माहेरी धाडायला जड जातं म्हनं तुमाला."

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. "कोन म्हनलं? मी नवं लुगडं काढून दिलं तिला. दुपारी तीनपर्यंत नेसून बसली व्हती पोर. तुमच्याच ल्योकाला ताप आला."

आई माझ्याकडं वळली. मी पंगतीत भाताची डाव घेऊन उभा. ती ताट अर्धवट ठेवून उठली. आईला आयुष्यात कधी ताटावरून उठलेलं मी बघितलं नव्हतं.

अक्का मंडपामागं हात धुवायच्या टाकीपाशी होती. मी गेलो आणि सगळं बडबडून टाकलं. लातूर, मित्र, थिएटर, स्टँड, आईला सांगितलेलं खोटं. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

"पिक्चरचं मला शुक्रवारीच कळालतं," ती म्हणाली.

मी थिएटरातून तिकिटाचा फोटो स्टेटसला टाकला होता. अक्काला दिसू नये अशी तजवीज केली होती. दाजी राहून गेले होते.

"ह्यांनी मला दाखवला, हसले. तुझा भाऊ एकटाच बघून आला म्हनले. मी म्हनलं, बघू द्या की, रविवारी मला घिऊन परत बघंल." तिनं नळ घट्ट बंद केला. "मला राग न्हवता रे. पिक्चरचा काय राग? आपलं येडं राहिलं नसंल गप, असं वाटलं मला. मी तर वाट बघत होते, तू तोंड कसं लपिवतूस ते बघायला."

ताप नव्हता हे तिला फोनवरच कळलं होतं, परळी गाडी तिनंही ऐकली होती. तरी आत्याबाईंना तिनंच सांगितलं की भावाला ताप आलाय. तिच्या घरात माझी लाज तिनं राखली, आणि मी माझ्या घरात तिच्या घराची घालवली होती.

"तुझंच खरं निघालं अक्का," मी कसंबसं म्हणालो. "जिवंत हाय ती."

"बघितला मी. मोबाईलवर आला तवा. तीन दिवस लागले, भाकरी करता करता." ती थोडं हसली. "दार उघडलं तवा स्वयंपाकघरात मी एकटीच. मी म्हनलं नव्हतं का, असं कुनाला म्हनू?"

आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं आत्याबाईंची फोनवर माफी मागितली. माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. ते मला बरंच वाटलं.

यंदा त्याच जहाजाची आणखी एक मालिका आली, एकदम सगळे भाग. मी एकही लावला नाही. कोणी बोलायला लागलं तर कानावर हात ठेवले. पंचमीच्या आधी आठ दिवस अक्काला फोन केला. म्हणालो, ह्या खेपेला आभाळ कोसळलं तरी मी येणार, तुला घेणार, आणि घरी चारही दिवस दोघं मिळून पहिल्या भागापासून बघू.

"कावून येतूस उगं दुकान बंद ठिवून?" ती म्हणाली. "आत्याबाईच म्हनल्या, मुराळ्याची वाट बघू नको, मीच तुला एसटीत बसवून देते. आता येते की मी एकटी."

"आन् मालिका?"

"ती झाली माझी बघून."

आवाजात राग नव्हता. मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि ती मजेत बोलत होती. रागावली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो.