रेषेच्या खालची लवेडा

लवेडा ग्रिंडस्टाफला खुर्ची कधी मानवलीच नाही. चर्चमध्ये ती ऑर्गनपुढच्या बाकावर बसायची, तेही हातापायांना काम असायचं म्हणून. त्यामुळे वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी शेरिस बोल्डन तिला तिसऱ्यांदा "बसा ना, मिस लवेडा" म्हणाली, तेव्हा ती म्हणाली, "तू बोल गं. मला उभ्यानंही ऐकू येतं."

शेरिस दर हिवाळ्यात तिथे बसून लोकांना आरोग्य विम्याचे अर्ज भरून द्यायची. मुलगी सरळ होती, आवाज हळू होता, आणि वाईट बातमी सांगताना ती चष्मा काढून ठेवायची. आज तिने चष्मा आधीच काढला होता.

"गेल्या वर्षी आपण सतरा हजार डॉलर कमाईचा अंदाज दिला होता. यंदा काय झालं?"

"जूनपर्यंत बरं चाललं होतं."

जूनमध्ये तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरांचा मालक घरं विकून मोकळा झाला होता. नव्या कंपनीने सफाईची माणसं स्वतःची आणली. अकरा वर्षं त्या घरांच्या चादरी बदलणाऱ्या लवेडाकडे आता उरल्या होत्या फक्त शनिवारच्या बाजारात विकायच्या सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या, आणि रविवारचा आणि मयताचा ऑर्गन.

"मग पुढच्या वर्षाचं किती धरू?"

"आठ. फार तर नऊ हजार."

शेरिसने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "मग हप्त्याला मदत मिळणार नाही."

"का? जास्त होतात?"

"कमी होतात. एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या जरा वर लागतं. त्याच्या वर असलात तर बहुतेक हप्ता सरकार भरतं. खाली असलात तर सगळा तुम्ही."

लवेडाने टेबलावरचा पेन्सिलींचा डबा उचलला, पुसला, परत ठेवला. "म्हणजे माझ्याजवळ पैसे असते तर मला पैसे मिळाले असते."

"खालच्यांसाठी दुसरी योजना होती. आपल्या टेनेसी राज्याने ती घेतलीच नाही."

"मग खालच्यांनी काय करायचं?"

पाठीमागे कोणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत गेलं. मग शेरिस म्हणाली, "यंदा मिळालेली मदत परत भरावी लागणार नाही, त्याची काळजी करू नका. पण पुढच्या वर्षाचा आकडा पटला पाहिजे. तुमची जुनी कमाई त्यांच्याकडे दिसते. जास्त लिहिलं तर ते पुरावा मागतील. कोणी काम देणार असेल तर तसं त्याच्याकडून लिहून आणा. पंधरा डिसेंबरच्या आत."

लवेडाचा संधिवात जुना होता. दर दोन आठवड्यांनी पोटात एक सुई घेतली की बोटं चालायची, चुकली की सकाळी मुठी उघडायच्या नाहीत. विम्याशिवाय त्या सुईची किंमत ऐकून एकदा ती औषधाच्या दुकानात मोठ्याने हसली होती, आणि काउंटरवरची बाई ओशाळली होती. वय बासष्ट. पासष्टाव्या वर्षी म्हाताऱ्यांचा सरकारी विमा सगळ्यांनाच मिळतो. तिथवर पोचायचं होतं.

त्या आठवड्यात ती गावभर भिरभिरली. शाळेच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती. मोटेलवाल्याने उन्हाळ्यात ये म्हणून सांगितलं. सामानाच्या दुकानात उभं राहून आठ तास माल लावायचा होता, तो बोटांना झेपला नसता. घरी येऊन ती ओटा पुसायची, पुसलेला ओटा पुन्हा पुसायची, आणि गाडीची किल्ली घेऊन परत बाहेर पडायची.

शेवटी ती होबार्टच्या दुकानात गेली. होबार्ट गुराढोरांचं खाद्य विकायचा आणि सोबत अख्ख्या गावाच्या बातम्या फुकट द्यायचा.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मी लिहून देतो. लवेडा ग्रिंडस्टाफ, आठवड्याला दोनशे डॉलर. सही ठोकतो."

"आणि काम काय?"

"काम कसलं? स्टोव्हजवळ बस, कॉफी पी."

"मग खोटंच की ते."

"अगं, सरकारला काय कळतंय?"

"मला कळतं ना. खाली सही माझी असते, होबार्ट. तुझी नसते." ती दाराकडे वळली, परत आली. "खरं काम सांग काही."

होबार्टने टोपी मागे सरकवली. त्याच्या तोंडावर हसू आलं तेव्हाच लवेडाला कळलं, काहीतरी वाईट येतंय.

"खरं काम एक आहे. पण तू करायची नाहीस. मिस ऑटी खुबा मोडून बसलीय. ग्लेनिस सकाळी बँकेत जाते, म्हणून तेवढ्यापुरती बाई हवी. तीन बाया झाल्या. तिसरी तर स्वतःचा कोट विसरून पळाली."

मिस ऑटी म्हणजे लवेडाची एके काळची सासू. नऊ वर्षं लवेडाने त्या घरात रांधलं, धुतलं, सासऱ्याचं शेवटचं आजारपण काढलं. मग नवरा डॉयल एका विमा एजंट बाईबरोबर फ्लोरिडाला गेला, आणि ऑटी भर अंगणात लवेडाला म्हणाली, "तू घरात दोन मिनिटं टेकली असतीस तर तो बाहेर गेला नसता." लवेडा त्याच दुपारी निघाली. त्याला वीस वर्षं झाली. दोघी एकाच तालुक्यात राहायच्या, चर्च वेगवेगळं धरलं होतं, आणि बाजारात समोरासमोर आल्या तर दोघीही आपापली ढकलगाडी वळवायच्या.

"तिच्याकडे मी जाईन?" लवेडा म्हणाली. "त्यापेक्षा मुठी मिटलेल्या बऱ्या."

दोन दिवस ती हेच बोलत राहिली, गाडीत एकटीच, मोठ्याने. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ग्लेनिसच्या खिडकीपुढे उभी राहिली.

ग्लेनिस ही डॉयलची धाकटी बहीण. ती लवेडाशी कधी वाईट वागली नव्हती, मात्र तिची बाजू घेऊन कधी बोललीही नव्हती. तिला आधी वाटलं, लवेडा खातं बंद करायला आली.

"चार सकाळी, आठवड्याला एकशे साठ," ग्लेनिस म्हणाली. "रोख देईन. कुणाला कळायचं कारण नाही."

"रोख नको. चेक दे. आणि सगळं हिशोबात दाखव, कर काप, वर कळव."

"लवेडा, माझ्याकडे आलेल्या तिन्ही बायांनी रोख मागितले होते. कर काप म्हणणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय."

"मला उत्पन्न हवंय. नुसते पैसे असून चालत नाही."

ग्लेनिसला ते नीट कळलं नाही, पण तिने बँकेच्या कोऱ्या कागदावर लिहून दिलं. शेरिसने ते पाठवलं आणि उत्तर येईपर्यंत लवेडाने घराच्या सगळ्या खिडक्या आतून-बाहेरून धुतल्या. बाहेर गोठवणारी थंडी होती. अर्ज मंजूर झाला.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ती त्या घराच्या मागच्या दाराने आत शिरली. पुढच्या दाराने पाहुणे येतात. स्वयंपाकघर तसंच होतं, फक्त फ्रीज नवा. ऑटी खिडकीपाशी खुर्चीत होती, मांडीवर गोधडी, शेजारी धरून चालायची चौकट. नव्वदीला टेकलेली. एवढीशी झाली होती. जीभ तेवढी होती तशी.

"आलीस का? मला वाटलं, मी मेल्यावर येशील, ऑर्गन वाजवायला."

"त्याचे पैसे कमी मिळतात," लवेडा म्हणाली आणि कोट काढला.

पहिला आठवडा नुसती कुरबुर. घेवडा खारट झाला, कॉफी पाणचट, उशी उंच, पडदा वाकडा.

"मक्याच्या ब्रेडमध्ये साखर घातलीस?"

"एवढी अजून बिघडले नाही मी."

"आधीची घालायची. केक समजून खात होते मी." ऑटीने दुसरा तुकडा उचलला. "तू का आलीस? खरं सांग. ग्लेनिस म्हणते, तुझं मन मोठं आहे."

लवेडा चुलीवरचं भांडं खरवडत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "मन कसलं मोठं. माझं उत्पन्न कमी पडतं. इतकं झालं नाही तर विम्याला मदत मिळत नाही. विमा नाही तर सुई नाही. तुमच्याकडे काम होतं. दुसरीकडे नव्हतं."

मागून आवाज आला. ऑटी हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती.

"देवाची कृपा! मला वाटलं, दया करायला आलीस. दया करायला आलेल्या तिघी हाकलल्या मी. येता-जाता गालाला हात लावायच्या मेल्या." तिने डोळे पुसले. "पासष्ट कधी होतात तुला?"

"दोन वर्षांनी, मार्चात."

"तोवर काही मी मरत नाही. तुला ऐकून घ्यावं लागेल."

त्यानंतर भांडणं थांबली असं नाही, पण त्यातला काटा गेला. ऑटीला उठवून बाथरूमपर्यंत न्यायला सकाळचा अर्धा वेळ जायचा. लवेडा तिच्या बगलेत हात घालून उभी असताना दोघी जुन्या लोकांना नावं ठेवायच्या. डॉयलचं नाव बरेच महिने निघालं नाही. निघालं ते एका पावसाळी सकाळी. ऑटी लवेडाच्या बोटांकडे बघत होती. सुई वेळेवर मिळत होती, आणि ती बोटं सराईतपणे पीठ मळत होती.

"नऊ वर्षं हेच केलंस इथे," ऑटी म्हणाली. "तेव्हा चेक कोणी दिला नाही."

"नाही."

"दिला असता तर?"

"तर मी पहिल्याच वर्षी पगारवाढ मागितली असती."

"डॉयल गाढव होता," ऑटी म्हणाली. "आणि मला ते तेव्हाही माहीत होतं."

लवेडाचे हात थांबले. तिला काहीतरी बोलायचं होतं, वीस वर्षं तयार ठेवलेलं. ते सापडेना. मग तिने पिठावर फडका टाकला आणि अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे भिजतील म्हणून ओढून आणले. खरं तर ते कधीच भिजले होते.

दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये ऑटीला झटका आला. लवेडाच तिथे होती, तिनेच रुग्णवाहिका बोलावली. ग्लेनिस धावत आली. इस्पितळातल्या खोलीत यंत्रांचा बारीक आवाज होता, ऑटीचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. लवेडा तिच्या ओठांवर ओला कापूस फिरवत होती, आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, आठवड्याचे एकशे साठ गेले, आता नोव्हेंबरात काय दाखवू?

तिने कापूस खाली ठेवला आणि बाहेर निघून गेली.

बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगांमधून ती नुसती चालत सुटली. एक रांग जायची, दुसरी यायची. डांबर तापलं होतं. ग्लेनिसने धापा टाकत तिला गाठलं.

"काय झालं? कुठे चाललीस?"

"मी तिथे बसून हिशोब करत होते, ग्लेनिस. ती मरतेय आणि मी आकडा धरतेय. मला तिथे बसू देऊ नकोस. मी माणूस नाही."

ग्लेनिस एका गाडीला टेकली.

"आईनं मागच्या आठवड्यात मला विचारलं होतं," ती म्हणाली. "मी आता गेले तर लवेडाच्या विम्याचं जमेल का म्हणून. मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. तर म्हणाली, मग त्या वाचनालयातल्या पोरीला फोन करून विचार."

"केलास?"

"राहून गेला."

लवेडाला हसू फुटलं, आणि हसता हसता तिला उभं राहवेना. ती तिथेच फुटपाथच्या काठावर बसली. ग्लेनिस शेजारी बसली. मग दोघी वर गेल्या. ऑटी दोन दिवसांनी गेली, पहाटे, दोघी जवळ असताना.

मयताला चर्च भरलं होतं. डॉयल आला, तपकिरी सूट, पोट सुटलेलं. लवेडाला तो फक्त वाटेत उभा असलेला माणूस वाटला. जेवणाच्या हॉलमध्ये ती बटाट्याच्या थाळ्या पुढे सरकवत असताना एक बाई तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिचे वडील, टेट नावाचे जुने टपालवाले, एकटेच राहत होते.

"आत्ता विचारणं बरं नाही, मिस लवेडा," ती बाई म्हणाली. "पण सगळे म्हणतात, मिस ऑटीकडे फक्त तुम्हीच टिकलात. आमचे वडीलही तसेच आहेत."

लवेडाला राग आला, त्या बाईचा नव्हे, स्वतःच्याच गरजेचा. हातातली थाळी खाली न ठेवताच ती म्हणाली, "चेकनं द्याल का?"

नोव्हेंबरात शेरिसने टेट यांच्या मुलीची चिठ्ठी पाठवली, आणि पासष्टीपर्यंत उरलेल्या दोन महिन्यांचा, जानेवारी-फेब्रुवारीचा, विमा मिळाला. जानेवारीत एक सुई टपालात अडकली, लवेडाने चार दिवस दारातून टपालाचा डबा बघत काढले, पाचव्या दिवशी ती आली. मार्चात पासष्टीचा सरकारी विमा सुरू झाला, पंधरा हजारांच्या वरच्यांनाही आणि खालच्यांनाही सारखाच. त्या दिवशी शेरिसने मुद्दाम फोन केला.

"झालं, मिस लवेडा! आता तुम्हाला कोणी किती मिळवता म्हणून विचारणार नाही. कसं वाटतंय?"

लवेडा टेट यांच्या स्वयंपाकघरात होती, फोन खांद्याला दाबून. ती क्षणभर थांबली. तिला वाटलं होतं, काहीतरी सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. तिला तळ्याकाठी तिच्याबरोबर चादरी बदलणारी वांडा आठवली. ती अजून पन्नाशीचीच होती आणि तिथलं काम सुटल्यापासून घरीच होती.

"वांडा प्रुएट तुझ्याकडे येऊन गेली का गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मी घेऊन येते तिला. गुरुवारी. आता ठेवते, टेट काकांचे पाय टबात भिजतायत, पाणी गार होईल."