अक्कांनी नाकारलेली खोली

अक्कांच्या तोंडून एकदा ‘खोली न्हाय’ असं आलं की विषय संपला. मग वरच्या चारही खोल्यांची दारं सताड उघडी का असेनात. "रिकाम्या दिसताहेत की खोल्या," असं कुणी म्हणालं तर त्या म्हणायच्या, "रिकाम्या हाईतच की. पर तुमास्नी न्हाईत." आणि खिडकी लावून घ्यायच्या. अक्कांनी नाही म्हटल्यावर हट्टानं खोली मिळवली असा माणूस माझ्या तरी ऐकण्यात नाही.

त्यांचं लॉज कोल्हापुरात अंबाबाईच्या महाद्वारापासून हाकेच्या अंतरावर, एका बोळात होतं. खाली खाणावळ, वर चार खोल्या आणि जिन्याच्या तोंडाशी बोळावर उघडणारी एक खिडकी. गिऱ्हाईक खाली बोळात उभं आणि अक्का वर खिडकीत कोपरं टेकून, अशी चौकशी चालायची. गाव कुठलं, काम काय, बरोबर कोण, किती दिवस. अक्कांचा आवाज असा, की समोरचा शिंपी आपली मशीन थांबवून पुढचं ऐकत बसायचा. एकदा एक बडा कंत्राटदार बायकोला घेऊन आला होता. तिला त्यानं चुटकी वाजवून पुढं बोलावलं. अक्का वरून म्हणाल्या, "कुत्र्याला बलिवल्यागत बलिवतासा व्हय पावणं? जावा, खोली न्हाय." कंत्राटदार दुप्पट भाडं द्यायला निघाला होता. शिंप्यानं मला हे इतक्यांदा सांगितलंय, की आता मीच तिथं उभा होतो असं मला वाटतं.

मी त्या खिडकीखाली पहिल्यांदा उभा राहिलो ती गोष्ट सांगायची तर थोडी माझी लाज काढावी लागेल. काढतो.

मी नेसरीकडचा प्राथमिक शाळेतला मास्तर. घरात अकरा माणसं आणि दोन खोल्या. पुरुष बाहेरच्या सोप्यात झोपायचे, बायका स्वयंपाकघरात. वडीलधाऱ्यांच्या देखत बायकोशी बोलायचं नाही, आणि आमच्या घरात वडीलधारं माणूस नाही अशी जागाच नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी तिच्याशी जे काही बोललो होतो ते एका पाटीवर मावलं असतं. मग ती दिवाळीला माहेरी हुपरीला गेली आणि तीन महिने आलीच नाही. सासऱ्यांचा निरोप आला, "पोरगी म्हणते, तिथं मी आहे का नाही हे कुणाच्या ध्यानात पण नसतं." मी तापट माणूस. आधी निरोप आणणाऱ्यावरच डाफरलो. मग रात्रभर विचार केला आणि निरोपात खोटं काही सापडेना.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तिला आणायला गेलो. हुपरीहून नेसरीला यायचं तर कोल्हापुरात मोटार बदलावी लागे. मी ठरवलं, एक रात्र कोल्हापुरात राहायचं. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, रंकाळ्यावर बसायचं आणि दोघांनीच बोलायचं. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला मोटारीत सांगितलं. कोल्हापुरात उतरल्यावर ती म्हणाली, "उद्या सांजंपातूर बघीन. न्हायतर हुपरीची मोटार बी हितनंच सुटतीया." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

खोली शोधायला निघालो. पहिल्या लॉजात विजेचा पंखा होता आणि भाडं ऐकून मला पंख्याशिवायच गार वाटलं. दुसरीकडं गादीवरच्या गृहस्थांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बरोबर मोठं माणूस कोण?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांना एकदम काम आठवलं. धर्मशाळेत जागा होती, पैसेही लागत नव्हते. पण तिथं बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. घरी जे होतं तेच इथं करायला मी एवढ्या लांब आलो नव्हतो. ही मात्र पिशवी घेऊन मुकाट्यानं मागून चालत होती. तिची ती चाल बघून मला आतून तुटत होतं. शेवटी देवळाबाहेरच्या फुलवालीला दया आली. ती म्हणाली, "अक्कांकडं जावा. पर खरं बोला."

खिडकीतून पहिला प्रश्न आला. "कोण गाव?"

"नेसरी."

"बरोबर कोण?"

भर बोळात ‘बायको’ म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हणालो, "घरातली आहे."

"या वर."

वर गेल्यावर वहीत मी माझं नाव, पुढं ‘शिक्षक’ असं लिहिलं आणि खाली लिहिलं, सौ. सुलोचना. अक्का तोवर हिला पाणी द्यायला म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या होत्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या हातात उलथनं घेऊन. गोऱ्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या पुढच्या, कपाळ मोकळं. म्हणाल्या, "वहीत काय लिवलंय वाचा."

मी वाचलं.

"ती तर म्हणतीया, माझं नाव हौसा. तुमी सांगतासा नेसरी, ती सांगतीया हुपरीस्नं आलो. नवऱ्याचं नाव इचारलं तर तोंड मिटून बसलीया. मास्तर, काय भानगड हाय ही?"

भानगड काहीच नव्हती. सुलोचना हे नाव लग्नात आमच्या आत्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहवून घेतलं होतं. ते नाव तिनं स्वतः कधी उच्चारलंच नव्हतं. विचारल्यावर जन्माचं नाव तोंडात आलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर तिला लहानपणापासून शिकवलेलं. हे सगळं नीट सांगायचं सोडून मी भडकलो. म्हणालो, "मी शिक्षक आहे. मी खोटं बोलत नाही."

"मास्तर लोकच जास्ती पळून जात्यात," अक्का म्हणाल्या. "बरं, सांगा. हिला भाजी कुठली आवडती?"

मी आठवू लागलो. आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस वांगं व्हायचं. म्हणालो, "वांग्याची."

ही दाराआड उभी होती. खाली मान घालून हळूच म्हणाली, "वांगं मला सोसत न्हाय. अंगाला खाज उठती."

दोन वर्षं ती आमच्या घरी वांगं बाजूला सारून कोरडी भाकरी खात होती आणि ते मला माहीत नव्हतं.

"आनी ह्यास्नी काय आवडतंय?" अक्कांनी तिला विचारलं.

"काय बी चालतंय त्यास्नी," ती म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत नव्हतं.

अक्का खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "घ्या. लगीन झाल्यालीच हाईसा तुमी. पळून आलेल्यास्नी एकमेकांचं समदं ठावं असतंय." मग उलथनं माझ्याकडं रोखून म्हणाल्या, "पर एक हाय. हिनं मला आत समदं सांगितलंय, मगाशी खरं वाटलं न्हवतं. उद्या जाताना हिला काय काय आवडतंय ते तुमी मला सांगायचं. न्हाय सांगता आलं, तर हुपरीच्या मोटारीत मी सोता बसवून देणार हिला."

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो. मी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा विचारायला लागलो. भाजी कुठली, गोड काय, रंग कुठला. तिनं दोन प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाली, "अक्का इचारणार म्हणून इचारतासा न्हवं?" खरं तेच होतं. रागही आला आणि राग गिळल्यावर लाज वाटली. तेवढ्यात मागून कुणी बाई चालत गेली तशी ही वळून न बघताच म्हणाली, "ह्ये पैंजण आमच्या गल्लीतलं." मी विचारलं, कशावरून? आणि या खेपेला मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मग ती बोलायला लागली. तिचे वडील हुपरीत चांदीचे पैंजण करायचे. सहा वर्षांची असल्यापासून ती घुंगरं ओवत होती. कुणाच्या हातचं घुंगरू कसं वाजतं हे तिला आवाजावरून कळायचं. आमच्या घरी आल्यावर सासूला आवाज खपत नाही म्हणून तिनं स्वतःचे पैंजण काढून ट्रंकेत ठेवले होते. हरभऱ्याचा पाला तव्यावर परतलेला तिला आवडतो. मोटारीत खिडकीशी बसायला आवडतं, पण खिडकी नेहमी पुरुषमाणसं घेतात. आणि सुलोचना म्हणून हाक आली की आपल्या मागं दुसरी कुणी उभी आहे असं वाटतं. हे शेवटचं सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याकडं बघत बसलो होतो. इकडंतिकडं वडीलधारं कुणी आहे का हे बघायचं माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

रविवारी पिशवी उचलून जिना उतरलो. बोळात पाय ठेवतो न ठेवतो तोच वरची खिडकी उघडली. वर समोरासमोर असतानाच अक्कांनी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं, "सांगा, मास्तर." शिंप्याची मशीन थांबली.

मी वर बघून ओरडलो, "हरभऱ्याचा पाला. तव्यावर परतलेला."

"आनी?"

"मोटारीत खिडकीची जागा. पायात पैंजण."

"आनी?"

नेसरीत मी बायकोचं नाव चार भिंतींच्या आतही घेतलं नव्हतं. म्हणालो, "हौसा म्हणून हाक मारलेली."

"मग मारा की," अक्का म्हणाल्या.

आणि मी, शाळामास्तर, भर बोळात हाक मारली. ही डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही. स्टँडवर दोन्ही मोटारी उभ्या होत्या. हौसा हुपरीच्या मोटारीजवळून पुढं गेली आणि आमच्या मोटारीत चढून खिडकीशी बसली. मी तिच्याशेजारी बसलो.

पुढं दर वर्षी हुपरीला जाता-येता अक्कांकडं एक मुक्काम ठरलेला. घरी आम्ही ‘अंबाबाईला जातो’ असं सांगायचो आणि दर्शन घ्यायचोही, म्हणजे ते काही खोटं नव्हतं. आम्ही आलो की अक्का वांगं खाणावळीतल्या पोरांच्या हाती शेजारी देऊन टाकायच्या आणि दुसरी भाजी टाकायच्या. हौसाशी तासतासभर बोलत बसायच्या. ‘मी आलो, मी गेलो’ असं कोल्हापूरकडच्या बायकांच्या रीतीनं त्या दोघी बोलू लागल्या, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला आत दोन गडी बसलेत असं वाटावं.

एकदा मी सहज विचारलं, "अक्का, तुमच्या मालकांना काय आवडायचं?"

अक्का तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "ठावं न्हाय, मास्तर. चौदा माणसांचं घर हुतं. तीन वर्षांनी त्ये पटकीच्या साथीत गेलं. तोंड आठवतंय त्यांचं. आवाज कसा हुता, त्यो काय केल्या आठवत न्हाय. माझ्यासंगं बोललंच कुठं हुतं?" एवढं सांगून त्यांनी सूप झटकलं आणि हौसाला विचारलं, रात्री भाकरी किती टाकू. त्यानंतर खिडकीतल्या त्या उलटतपासणीवर मी कधी हसलो नाही.

शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा खिडकी बंद होती. अक्कांच्या अंगावरून वारं गेलं होतं, एक बाजू लुळी पडली होती. खालच्या खाणावळीतच बाजेवर पडलेल्या असत. लॉज त्यांची भाची बघत होती. ती म्हणाली, "माणसं ओळखत न्हाईत आता. पर नव्या माणसाला बघितलं की इचारत्यात तेवढं." आमची दोन्ही मुलं हुपरीला आजोळी होती. आम्ही दोघंच बाजेपाशी बसलो. अक्कांनी मान वळवली. आवाज पार खोल गेला होता.

"कोण गाव?"

"नेसरी."

हौसाकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मला विचारलं, "हिला भाजी कुठली आवडती?"

मी सांगितलं. हरभऱ्याचा पाला. चहा गुळाचा, तोही बशीत ओतलेला. थंडीत पायाचे सांधे धरतात, तेव्हा बिब्ब्याचं तेल लागतं. धाकट्या भावाची आठवण आली की विनाकारण भांडी घासत बसते. चिडली की बोलत नाही, पण पैंजण जास्त वाजवत चालते. खोटं बोलायला लागली की उजवा कान लाल होतो. वांगं सोसत नाही. मी सांगत गेलो आणि अक्का माझ्या तोंडाकडं बघत ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता ओळखतील.

त्यांनी चांगला हात हलवून भाचीला जवळ बोलावलं.

"ह्यास्नी खोली देऊ नगंस," त्या म्हणाल्या. "एवढं ठावं हाय म्हंजे नवरा-बायकू न्हवंत ही. पळून आल्यात."

भाची ओशाळली. आम्हाला बाहेर घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली माझ्यापुढं धरली. म्हणाली, "मनावर घेऊ नका. त्यास्नी आता काय कळत न्हाय." मी हात पुढं केला होता. हौसानं तो धरून मागं घेतला.

"नगं," ती म्हणाली. "अक्का न्हाय म्हणाल्यात."

त्या रात्री आम्ही धर्मशाळेत उतरलो. हौसा बायकांच्या बाजूला, मी पुरुषांच्या.