बिनपत्त्याचा पाहुणा

मी कुरुंद्यात घरी बसून परगावच्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळतो. कोण आलं, कुठून आलं, काय बघून गेलं, त्याचे रिपोर्ट काढतो. गावात कुणी याला काम म्हणत नाही. "घरीच असतो बिचारा," म्हणतात. खरंच आहे म्हणा. माय गेल्यापासून घरात मी एकटा. दिवसभर लोकांच्या दारचे पाहुणे मोजायचे आणि आपल्या दारात सकाळी दूधवाला, बास.

आमच्या हळदीचीही एक वेबसाइट मी केली होती. तिच्या एका पानावर मायचा फोटो होता. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलेली, मधोमध माय, डोक्यावर पदर, उन्हानं डोळे बारीक. फोटो काढताना माझ्यावर खेकसली होती, "काय काढून राहिला रे, तोंड तरी धुऊ दे!" ती गेली आणि माझा हळद विकायचा उत्साहही गेला. वेबसाइट मात्र तशीच राहिली. बंद करायला हातच धजेना.

एकदा सहज तिचा रिपोर्ट उघडला. बाकी सगळी पानं ओस, आणि मायच्या पानावर रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन जात होतं. कुठून आलं, त्या रकान्यात एकच शब्द: डायरेक्ट. आमच्या धंद्यात डायरेक्ट म्हणजे 'आपल्याला काय ठाऊक न्हाई बुवा', फक्त इस्त्रीच्या कपड्यांत. माणूस सर्चमधून आला, कुणाच्या लिंकवरून आला, तर मागं खूण राहते. याची खूणच नव्हती. गाव तेवढं दाखवत होतं: पुणे.

पुण्यात माझी ताई राहते.

मायच्या शेवटच्या दुखण्यात ताई म्हणत होती, तिला पुण्याला घेऊन ये. माय म्हणत होती, मला या अंगणातून हलवू नको. मी मायचं ऐकलं. सगळं आटोपल्यावर ताई एवढंच म्हणाली, "तू जाऊ दिलंस तिला." त्यानंतर माझा फोन तिनं उचलला नाही. मग मीही करायचा बंद केला. माघार घेणं आमच्या घरात कुणाला जमलंय?

आणि आता हे पुणे. मला रडूच आलं. फोन उचलत नाही, पण रोज संध्याकाळी मायला भेटून जाते! पण खात्री पाहिजे ना. दुसऱ्याच्या वेबसाइटचा असा घोळ मी चहा पिता पिता सोडवतो, इथं तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत होतो. आधी माझ्याच भेटी मोजल्या जातायत का ते बघितलं. नव्हत्या. मग हळदीच्या पाकिटांवरच्या, नात्यातल्या ग्रुपवरच्या, जिथं जिथं म्हणून लिंक दिली होती तिथल्या प्रत्येक लिंकला वेगळी खूण जोडली. चार लोक आले, त्यांचा माग बराबर लागला. संध्याकाळचा पाहुणा मात्र तसाच, डायरेक्ट.

शेवटी एक आडमुठेपणा केला. त्या पानाचा पत्ताच बदलला. जुन्या पत्त्यावर येईल त्याला पान सापडणार नाही. ज्याला तकलीफ होईल तो बोंब मारेल, आणि ताईला बोंब मारायला माझ्याशिवाय कोण आहे? संध्याकाळी फोन समोर ठेवून बसलो. चहा केला आणि प्यायचा विसरलो. ताई चिडून बोलली असती तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी.

फोन वाजला नाही. दार वाजलं.

दारात शेजारची मावशी. मायची जन्माची मैत्रीण, दोघींनी मिळून उभी हयात हळद काढली. हातातला फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, "लेकरा, बघ की रे काय झालं. पिवळं दाबलं तरी तुझी माय येईना."

मला काही कळेना. मग स्क्रीनवरचं ते पिवळं चित्र दिसलं आणि डोक्यात लख्ख झालं. गावात लिंक पाठवली तर कुणी उघडत नाही, म्हणून वेबसाइट केली तेव्हा मीच ओळखीच्यांच्या फोनवर हे चित्र बसवून दिलं होतं, दाबलं की वेबसाइट उघडते. मावशीला वाचता येत नाही, म्हणून तिच्या चित्रातून थेट मायचा फोटोच उघडेल असं करून ठेवलं होतं. आणि साफ विसरलो होतो. चित्रावर बोट ठेवून आलेला माणूस मागं खूण सोडत नाही.

पत्ता पूर्वीसारखा केला आणि तिच्या फोनवर पान उघडलं. लॅपटॉपवर तत्क्षणी नोंद उमटली. डायरेक्ट. पुणे. आमच्या गावच्या मोबाइलचं नेट पुण्यावरून फिरून येत असणार, दुसरं काय!

"मावशी, हे तुला पुण्यात दाखवून राहिलं," मी म्हणालो.

"म्या कशाला जाऊ पुण्याला? माय आली का ते सांग."

माय आली होती. मला मात्र मावशीचाच राग आला, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मनात जपलेली ताई तिनं एका वाक्यात काढून नेली. त्याच तिरमिरीत तिच्याच फोनवरून ताईचा नंबर लावला.

"बोल मावशी," ताईनं उचलला.

"मी हाय," म्हणालो. ती फोन ठेवायच्या आत विचारून टाकलं, "वेबसाइटवरचा मायचा फोटो तू कधी बघितलास का?"

ती म्हणाली, "एकदा. परत बघवला न्हाई. तू काहून लावलास रे तो तिथं? काढून टाक."

मी तिला मावशीचं सांगितलं. रोजची संध्याकाळ, पिवळं चित्र, आज दारात आली ते. ताई रडत होती, तिकडून नाक ओढल्याचं ऐकू येत होतं.

"मग राहू दे," ती म्हणाली. "मावशीला म्हण, माझ्या वाट्याचं बी तूच बघ."

फोन ठेवला तिनं. माझं नाव घेतलं नाही, कसा आहेस विचारलं नाही.

"काय म्हणली पोरगी?" मावशीनं विचारलं. मी सांगितलं. ती माझ्या उंबऱ्यावरच बसली, फोन मांडीवर घेतला आणि उघडलेलं पान बंद करून पिवळ्यावर पुन्हा बोट ठेवलं.

"हे तिचं," म्हणाली.

लॅपटॉपवर नवी नोंद आली. डायरेक्ट. पुणे.