‘टेक’चे चौसष्ट अर्थ

पाहुण्यांनी प्रश्न विचारला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

जागा जालना एमआयडीसीतल्या एका बियाणं प्लांटची. शेतातून आलेलं बियाणं इथं साफ करतात, वाळवतात, औषध लावून पिशव्यांत भरतात. परदेशी खरेदीदाराकडून दोन पाहुणे ऑडिटला, म्हणजे काम आणि रजिस्टरं तपासायला, आले होते. मी दुभाषी होतो. जुन्या जालन्यात माझा इंग्रजीचा क्लास आहे, वीस वर्षांच्या वर झाली. प्लांटच्या कामगारांना इंग्रजी शिकवायचं कामही कंपनीनं मलाच दिलं होतं.

प्रश्न लांब होता आणि भराभर विचारला गेला. मला ‘फोर बॅग्ज’ एवढंच कळलं. मी ‘येस, येस’ म्हणालो. पाहुण्यानं पुन्हा विचारलं. मी रजिस्टराकडे बघत राहिलो.

मागून संगीताताई खरात पुढं आल्या. ग्रेडिंग मशीनवर, म्हणजे दाण्यांची वर्गवारी होते तिथं, त्या नऊ वर्षं कंत्राटावर होत्या. हातमोजे काढत म्हणाल्या, “सर, धिस लॉट टेक वॉटर. इन ट्रक. वुई टेक आऊट फोर बॅग्ज. नो सेल. यू टेक सॅम्पल, एनी अदर बॅग.”

ट्रकमध्ये माल भिजला होता, म्हणून चार पोती बाजूला काढली होती. रजिस्टरात ती कमी का, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं मान हलवली, स्वतः एक पोतं निवडलं, सॅम्पल घेतलं. ऑडिट पास झालं. चहाच्या वेळी संगीताताईंनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यात चेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं.

आता त्याआधीचं सांगतो.

माझ्या क्लासची एक पुस्तिका आहे. त्यात ‘टेक’ या एका क्रियापदाचे चौसष्ट अर्थ आणि वाक्प्रचार आहेत. टेक म्हणजे घेणे, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण विमान ‘टेक ऑफ’ करतं, मुलगी आईवर गेली तर ती ‘टेक्स आफ्टर’ करते, एखाद्याला फसवलं तर ‘टेक इन’ केलं, दुसऱ्याचं काम ताब्यात घेतलं तर ‘टेक ओव्हर’. अशी यादी मी वेगवेगळ्या गाइडांतून जमवली होती. पालकांना दाखवली की ॲडमिशन पक्की व्हायची. प्लांटवरच्या वर्गातही मी तीच पाठ करायला दिली.

तिसऱ्या दिवशी संगीताताई म्हणाल्या, “सर, एक इचारू का? आपल्याला भूक लागती. दिवा लागतो. पोराला नोकरी लागत न्हाई. बशीत बसलं की मला बस लागती. हे ‘लागणं’ आपण कधी पाठ केल्तं?”

वर्ग हसला. पॅकिंगमधला विशाल म्हणाला, “ताई, सरांचीच लागली आता.” मग तर जास्तच हसला.

मी म्हणालो, “परीक्षेला ‘लागणे’ नाही येणार. ‘टेक’ येणार.”

त्यांनी जे विचारलं होतं, ते मला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

ऑडिटनंतर आठवड्यानं वर्गाची परीक्षा झाली. तिच्यावर लाइन इन्चार्जची एक जागा ठरणार होती. कंत्राट सुटून कायम नोकरी, आणि सकाळची शिफ्ट. उमेदवार दोघं, संगीताताई आणि विशाल. पंचवीसला पास. दोघं पास झाले तर जागा सीनियरची, म्हणजे संगीताताईंची. चाळीस मार्कांचा लेखी पेपर, दहाची तोंडी. पेपर मी काढलेला, तोंडी मीच घेणार.

लेखी पेपरात निम्मे प्रश्न ‘टेक’चे होते. विशालनं पुस्तिका घोकली होती. त्याला सदतीस पडले, संगीताताईंना सतरा.

तोंडीत मी दोघांना एकच विचारलं. बियाणं कसं साफ होतं, ते पाहुण्याला सांगा. विशाल दोन वाक्यांनंतर अडला. संगीताताई पाच मिनिटं बोलल्या. व्याकरण मोडकं होतं, पण ऐकून मला ते मशीन चालवता आलं असतं. विशालला मी सात दिले.

संगीताताईंना आठ हवे होते. मी चार दिले.

मुंदडा साहेब एचआरला होते. त्यांनी कागद पाहिला. “सर, चार? ऑडिटला तर ही बाईच बोलली ना?”

“बोलल्या. पण अशुद्ध. कंपनीच्या इमेजचा प्रश्न आहे.”

“बराबर. तुम्ही एक्स्पर्ट.” त्यांनी सही केली.

अशुद्ध हे कारण नव्हतं. ऑडिटच्या दिवशी मला गप्प झालेलं संगीताताईंनी पाहिलं होतं, हे कारण होतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

निकालानंतर संगीताताई क्लासवर आल्या. बसल्या नाहीत. “सर, लेखीचं कबूल आहे. मी पाठच केलं न्हाई. तोंडीत काय चुकलं तेवढं सांगा. म्हंजे पुढं सुधरते.”

मी म्हणालो, “प्रॅक्टिस वाढवा.”

“बरं,” म्हणाल्या, आणि गेल्या.

दोन वर्षं झाली. विशाल इन्चार्ज आहे, काम शिकला आहे, त्याचा काही दोष नाही. पाहुणे आले की संगीताताईंना मशीनवरून बोलावतात. त्या बोलतात. पाहुणे गेले की हातमोजे घालून परत मशीनवर, कंत्राटावरच.

मागच्या महिन्यात मी मुंदडा साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी फाइल काढली नाही. “सर, जागा भरली. आता हे सांगून तुमचं मन हलकं झालं, तिचं काय?” पुढची जागा निघेल तेव्हा बघू, म्हणाले. ते मी लेखी मागितलं. दिलं नाही.

मग ग्रेडिंगकडे गेलो. मशीन चालू होतं. तोंडीत काहीच चुकलं नव्हतं, चार मी मुद्दाम दिले, असं जोरात सांगावं लागलं. बाजूच्या दोघींनीही ऐकलं.

संगीताताई चाळणीतून हात न काढता म्हणाल्या, “मला वाटलंच व्हतं. पण दोन वर्षं मी घरी आरशापुढं प्रॅक्टिस करून राह्यले, सर.”

घरी येऊन मी तो जुना पेपर काढला. आन्सर-की कपाटात ठेवली आणि घड्याळ लावून सोडवायला बसलो. चाळीसपैकी एकवीस पडले. तेव्हापासून मी स्वतः न सोडवलेला पेपर कुणाला देत नाही.