लतिकाबाईंची रांग

लेखकाला वाचनालयात बोलावणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपुरात एप्रिल महिन्यात एकदा बोलावून बघावं. सभागृहात कूलर लावला की लेखक ऐकू येत नाही, आणि बंद केला की श्रोते उठून जातात. ग्रंथपाल लतिका पांढरीपांडे यांची वीस-बावीस वर्षं हा कूलर लावण्यात आणि बंद करण्यात गेली होती. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं लांबलेलं मनोगत, आलूबोंडा, चहा, सगळं अंगवळणी पडलं होतं. आता निवृत्ती तोंडावर आली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि कार्यक्रमाची पाटी दाराशी लावायची म्हटलं तरी आधी घटकाभर बसावंसं वाटे.

या कार्यक्रमातली अवघड जागा शेवटी यायची. भाषण झालं की लेखक टेबलाशी बसायचा, पुढ्यात त्याच्याच पुस्तकांचा गठ्ठा, हातात टोपण काढलेलं पेन. पुस्तक घ्या, सही करून देतो. आपले लोक तसे गुणग्राहक आहेत, हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवतात. पण पुस्तक विकत घ्यायची वेळ आली की सगळ्यांना एकदम घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

लतिकाबाई नोकरीला लागल्या त्या वर्षी खाप्याहून एक म्हातारे कवी आले होते. पदरमोड करून छापलेला संग्रह त्यांनी पिशवीत भरून बसनं आणला होता. सही घ्यायला एक माणूस फिरकला नाही. बाई त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेल्या. म्हातारा तक्रारीचा एक शब्द बोलला नाही, पण चालताना पिशवी जड झाली म्हणून दोनदा खाली ठेवली. ते बाईंच्या जिवाला फार लागलं. प्रताप नगरातल्या घरी पोचल्यावर चपला काढता काढताच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यापुढे माझ्या वाचनालयातून कोणी भरली पिशवी घेऊन परत जाणार नाही."

तेव्हापासून रांग सुरू झाली. पुस्तकांचे पैसे बाईंच्या पगारातले. भाषण संपलं की चहा करणारी देवकी हात पुसून टेबलाशी उभी राहायची, तिच्यामागे चौकीदार नत्थू, त्याच्यामागे बाईंच्या शब्दाबाहेर नसलेले दोघं-तिघं सभासद, आणि शेवटी स्वतः बाई. प्रत्येकानं वेगळं नाव सांगायचं. एकदा रांग दिसली की एखादा खराही येऊन चिकटेल अशी बाईंची आशा, पण आपल्याकडे रांग दिसली की माणूस आधी ती कशाची आहे ते विचारतो आणि निघून जातो. नावं कमी पडू लागली. देवकीचा नातू पियूष जन्माला यायच्या आधीच त्याच्या नावावर दोन कादंबऱ्या आणि एक प्रवासवर्णन जमा होतं.

"बाई, आता कोणाच्या नावानं घेऊ वं?" देवकी कुजबुजायची. "पियूषचं झालं, सुनेचं, सोनिकाचंबी झालं."

"तुझ्या विहिणीच्या नावानं घे."

"थे तं अंगूठा लावते."

"लेखकाला कुठं माहीत आहे?"

लेखक खूश होऊन जायचे. पुस्तकं बाईंच्या घरी जायची, आधी कपाटात, मग पलंगाखाली. वाचायचं मात्र राहून जायचं. घरी पोचेस्तोवर अंगात त्राण नसायचं. निवृत्त झाले की वाचीन, असं त्या स्वतःला सांगत आल्या. मागच्या दिवाळीत त्यांचे यजमान शरच्चंद्रराव साफसफाईच्या भरात होते. त्यांनी पलंगाखालची दोन पोती बायकोला न विचारता रद्दीवाल्याला देऊन टाकली. बाईंना कळलं तेव्हा त्या थोड्या रागावल्या, आणि खरं सांगायचं तर थोड्या सुटल्यासारख्याही झाल्या.

एप्रिलमध्ये उन्मेष गिरडकर यायचा होता. हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला असलेला हा तिशीतला मुलगा चार वर्षांपूर्वी पहिला कथासंग्रह घेऊन आला होता. रांग बघून आनंदानं त्याचे कान लाल झाले होते. आता त्याची कादंबरी निघाली होती. कार्यक्रमाच्या तासभर आधी तो बाईंच्या खोलीत आला, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून सुतळीनं बांधलेली काही पुस्तकं काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, हे बर्डीच्या बाजारात भेटले मले. जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर."

बाईंना ओळख पटायला वेळ लागला नाही. त्याचा पहिला कथासंग्रह. प्रत्येक प्रतीवर त्याची सही, त्याच संध्याकाळची तारीख. चि. पियूषला. सौ. सोनिकाताईंना. आणि सगळ्यांत वर, आदरणीय लतिका मॅडम यांना.

रद्दीचा दोष नवऱ्यावर ढकलता आला असता. तो खराही होता. पण उन्मेषनं रद्दीचं काही विचारलंच नाही.

"त्या दिवशी रांगेतलं कोणी खरं होतं का?"

बाईंना खोटं बोलवेना. "नाही रे."

"आन् तुम्ही? तुम्ही तरी वाचलं का?"

त्याला विचारायची गरजही नव्हती. एकाही पुस्तकाची घडी मोडलेली नव्हती. बाईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे सरकवला. इतक्या वर्षांत इतक्या लेखकांना त्यांनी हसतमुखानं घरी पाठवलं होतं, आणि त्यांतल्या एकाचंही पान उलटलं नव्हतं. हे त्यांना आजवर कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला तर मुळीच विचारलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी घरी जाऊन मायले सांगतलं होतं," उन्मेष म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. "म्हटलं, नागपुरात अनोळखी लोकं उभे राहिले माह्यासाठी. त्याच भरोशावर हे दुसरं लिहिलं. सेकंड शिफ्ट करून यायचो आन् लिहायचो. आज रांग नका लावू, मॅडम."

"आणि कोणी आलं नाही तर?"

"तं नाही आलं."

बाई उठून चहाच्या खोलीत गेल्या. देवकी आलूबोंडे ताटात काढत होती. "आज कोणी उभं राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "नत्थूलाही सांग."

"काहून? पोरगा एकटाच बसन ना मंग."

"बसू दे," बाई म्हणाल्या, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

कार्यक्रम झाला. अध्यक्ष नेहमीप्रमाणे लेखकापेक्षा जास्त बोलले. उन्मेषनं कादंबरीतला एक तुकडा वाचला तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच कूलर शेवटपर्यंत बंद ठेवला आणि घामानं निथळत ऐकलं. त्यात कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याच्या खांद्यावर झोपी गेलेला एक कामगार होता. पुढे त्याचं काय होतं ते बाईंना हवं होतं, पण उन्मेष तिथंच थांबला. टाळ्या झाल्या. लोक चहाकडे वळले.

उन्मेष टेबलाशी बसला. बाई भिंतीशी उभ्या होत्या. इशारा करायची सवय लागलेला हात त्यांनी पदराखाली धरून ठेवला. दारात नत्थू चुळबुळत होता. एक गृहस्थ आलूबोंडा खात टेबलापाशी आले, पुस्तक उचललं, मलपृष्ठ वाचलं, किंमत बघितली आणि विचारलं, "तुमच्याकडे मधुमेहावर काही आहे का?" उन्मेष नाही म्हणाला. गृहस्थांनी पुस्तक नीट जागेवर ठेवलं. एवढी सभ्यता आपल्याकडे असतेच. त्यानंतर मात्र कोणी आलं नाही. खुर्च्या रिकाम्या झाल्या, देवकीनं कप गोळा केले, आणि पोरगा पेन हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. खाप्याच्या म्हाताऱ्यानंतर असं बघायची वेळ बाईंवर आली नव्हती.

शेवटी त्या टेबलाशी गेल्या. रांगेत एकट्याच. पैसे ठेवले, प्रत उचलली आणि पहिलं पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

"कोणाच्या नावानं?" त्यानं सवयीनं विचारलं.

"लतिका."

पेन कागदापर्यंत गेलं आणि थांबलं. उन्मेषनं टोपण लावलं.

"पुस्तक घेऊन जा, मॅडम. सही आज नाही करत. आधी वाचा. आवडलं तं हिंगण्याले या, नाही आवडलं तरी या. तवा करतो."

त्यात राग नव्हता. बाईंनी पुस्तक मिटून काखेत धरलं. त्यानं उरलेली पुस्तकं पिशवीत भरली. बर्डीवरचा गठ्ठा खोलीतून आणून त्यांच्यावर ठेवला. नत्थूनं हात पुढे केला तर नको म्हणाला. बसथांब्यापर्यंत सोडायला जावं असं बाईंना फार वाटलं, पण आज कोणत्या तोंडानं जायचं. फाटकापाशी त्यानं पिशवी एकदा खाली ठेवली, हात बदलला आणि निघून गेला.

"बाई, बंद करू का सगळं?" नत्थूनं विचारलं.

"तेवढा एक दिवा राहू दे."

दाराशी लावलेली पाटी काढायची राहिली होती. घरी शरच्चंद्रराव जेवायचे थांबले असतील. अंग आंबून गेलं होतं. लतिकाबाई रिकाम्या सभागृहात पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला, सहीसाठीचं कोरं पान उलटलं आणि वाचायला सुरुवात केली.