चाळीस नंबरच्या तबकडीचा शेवट

६ फेब्रुवारी १९४४, रविवार. पिंगळी स्टेशन, आमच्या क्वार्टरची पुढची खोली. वेळ – दुपारची गाडी गेल्यावर. हजर – मी; आमचे हे, म्हणजे स्टेशनमास्तर; धोंडिबा पॉइंट्समन; आणि त्याच गाडीने परभणीहून आलेले सारंगिये गफूरमियाँ, वय साठीच्या पुढे.

हजेरी आधी देते, कारण माझ्या एकटीच्या कानांवर कुणी विसंबू नये. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर "उजेड होता का? आणखी कोण होतं?" एवढंच विचारत आले आणि पुढचं ऐकलंही नाही.

ह्यांना शास्त्रीय गाण्याच्या जुन्या ग्रामोफोन-तबकड्या जमवायचा नाद. हैदराबादच्या जुन्या बाजारातून गठ्ठेच्या गठ्ठे आणतात. आणणं त्यांचं, नोंद माझी. वहीत रकाने – नंबर, गाणारे, राग, साथ, शेवट. तीनदा ऐकल्याशिवाय मी शाईनं काही लिहीत नाही.

'शेवट' कशाला? तर सुरुवातीच्या काळात तबकड्या परदेशात तयार होत. तिथल्या माणसाला कुणाची चिठ्ठी चिकटवायची ते कळावं म्हणून गाणारी शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगे. चिठ्ठी फाटली तरी शेवट ऐकला की नाव मिळतं.

चाळीस नंबरला दोन्ही नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला मी सेलूला गेले होते, तेव्हा ह्यांनी त्या तबकडीवर उकळत्या चहाची किटली ठेवली! चिठ्ठी किटलीच्या बुडाला चिकटून गेली, आणि तबकडी लाखेची असल्यानं चिठ्ठीभोवतीची बोटभर लाख वितळून आरशासारखी गुळगुळीत झाली. रेघाच नाहीत तर पिन चालणार कशावर? तिच्यावरचा भूप राग रंगात येई आणि पिन घसरून थेट मधल्या खिळ्याशी जाई. तीनदा ऐकून मी लिहिलं – 'नाव नाही. शेवट नाही.'

गफूरमियाँ चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"बाई, तुमच्याकडं लय जुन्या तबकड्या हायत म्हने. भूप हाय का एखादा? जनानी आवाज?"

मी चाळीस नंबर काढली. सारंगीचे पहिले सूर आले आणि ते भिंतीला धरून खाली बसले.

"ये मेरी सारंगी. गानेवाली मेरी बहन… शकूरन."

ह्यांनी लगेच पिन उचलली. मग म्हाताऱ्यांनी सगळं सांगितलं. शेवटी आपल्यासोबत भावाचंही नाव घेईन, असं बहिणीनं कबूल केलं होतं. "तबकडी भरणाऱ्या साहेबानं हात हलवला – वेळ संपली. तिनं आपलं नाव घेतलं न् थांबली. मी सारंगी ठेवली, उठून बाहर निकल गया. तबलेवाला मागून सांगायचा, तू उठलास तेव्हा तिनं तुझं नाव घेतलं रे. मला खोटं वाटलं. चार महिने बोललो न्हाई तिच्याशी. फिर प्लेग में गई." मग म्हणाले, "चाळीस वर्षं ही तबकडी ढूंढायलोय. बोलली का न्हाई, एवढंच बघायचंय."

आणि नेमकं तेवढंच आमच्या किटलीखाली गेलं होतं. ह्यांनी मान खाली घातली. सांगायचं काम मलाच करावं लागलं – "मियाँ, शेवट जळलाय. आमच्याच हातून."

"मास्तरांच्या चहाची कमाल," धोंडिबा पुटपुटला.

"चलने दो," मियाँ म्हणाले. "जेवढं हाय तेवढं."

ह्यांनी नवी पिन लावली, चावी दिली. भूप संपत आला. मी सवयीनं पिनेकडे बघत होते. पिन चकचकीत लाखेवर आली… आणि घसरली नाही. त्या गुळगुळीत जागेवर ती रेघ असल्यासारखी हळूहळू आत सरकत राहिली. खरखर. मग स्वच्छ आवाज –

"मेरा नाम शकूरन."

काहीतरी लाकडी खाली ठेवल्याचा आवाज. पावलं. मग तोच आवाज, घाईनं, मान वळवून बोलल्यासारखा – "सारंगी पर मेरा भाई गफूर… अरे, रुक तो सही!"

पिन खिळ्याशी जाऊन आदळली.

मियाँ उठून उभे राहिले होते. तोंड कर्ण्याकडे. "रुक गया, आपा," एवढंच म्हणाले.

धोंडिबानं टोपी काढून हातात घेतली. "मास्तरीणबाई, बाई बोलली की वो! थांब म्हनली त्यांना."

मी तिघांना वेगवेगळं नेऊन काय ऐकलं ते विचारलं. तिघांचे शब्द तेच. लाखेवरून नख फिरवलं, एक रेघ लागली नाही. तबकडी एका बाजूचीच. मागची बाजू कोरी. लगेच दोनदा पुन्हा लावली. दोन्ही वेळा पिन घसरली.

संध्याकाळच्या गाडीला निघताना मियाँ म्हणाले, "बाई, वहीत लिवा आता."

मी माझा नियम सांगितला. आज लाज वाटते, पण सांगितला.

ते हसले. "तीन बार! लय कडक कायदा तुमचा. मला चाळीस वर्षांत एक बार मिळालं, मी खुशीनं जायलोय."

पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. मी दर रविवारी, दुपारची गाडी गेली की चाळीस नंबर लावते. पिन घसरते. कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. 'साथ' या रकान्यात पेन्सिलनं 'गफूर, सारंगी' लिहून ठेवलंय. शाईनं गिरवायचं राहिलंय.